दगाआबांचं अर्थिंग

आमच्या घरात फ्युज उडाला की बायको मला हाक मारत नाही, वायरमनला फोन करते. माझी उभी हयात गाड्यांच्या वायरींत गेली. धुळ्यात माझं गाड्यांना गाण्याचे डेक बसवायचं दुकान होतं आणि पिंपळनेरपासून यावलपर्यंतच्या गाड्या माझ्याकडे येत. हे तिला चांगलं ठाऊक आहे, तरीही. "तुम्ही आधी तासभर समजावून सांगता आणि मग दुरुस्त करता. तोवर फ्रीजमधलं दूध नासतं," असं मंगलाचं म्हणणं.

तिचं म्हणणं खोटं नाही. मला समजावून सांगायची खोड आहे. माझे वडील असोद्याच्या शाळेत शिपाई होते आणि मी मास्तर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी मास्तर काही झालो नाही, पण मास्तरकी अंगातून गेली नाही ती नाहीच. गिऱ्हाईक गाडीतून एक पाय खाली ठेवतंय तोच माझा धडा सुरू. बरीच गिऱ्हाइकं "आलोच हं चहा घेऊन" म्हणून जायची ती काम संपल्यावरच उगवायची. समोरचा चहावाला मला दिवाळीला न चुकता फराळ पाठवायचा, तो उगाच नाही.

त्यामुळे या अंकासाठी "तुमच्या धंद्याविषयी लिहा" असा निरोप आला, तेव्हा घरात हशा पिकला. मंगला म्हणाली, "आता सगळ्या खानदेशाला एकदम समजावणार! आणि बिचाऱ्यांना चहाला उठून जाता पण येणार नाही."

तर बसा.

गाडीला कंपनीकडून जो आवाज मिळतो तो आत बसलेल्यांना पुरेल एवढा असतो. आमच्याकडे तेवढ्यानं भागत नाही. हळद असो, पोळा असो, निवडणूक असो की नुसतीच नवी गाडी घेतलेली असो, शेजारच्या गावाला कळलं पाहिजे. मग डिक्कीत किंवा सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. डेकमधून आलेला बारीक आवाज तो मोठा करतो आणि मागच्या बफरला, म्हणजे धडधडणाऱ्या मोठ्या स्पीकरला देतो. खरा शब्द वुफर आहे, पण मी दुकानाच्या पाटीवर 'वुफर' लिहिलं तेव्हा लोक विचारायला लागले की तुम्ही बफर ठेवणं बंद केलं का. मी पाटी बदलली.

हा अ‍ॅम्प्लिफायर खादाड असतो. त्याला थेट बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायर आणावी लागते. आणि या सगळ्या कारभारात खरा जीव असतो दोन गोष्टींत, ज्यांच्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही. एक फ्युज आणि दुसरं अर्थिंग. गिऱ्हाईक बघतं बफरवरचे निळे लाईट.

फ्युजचं आधी सांगतो. बॅटरीवरची लाल वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातल्या भोकातून आत येते आणि मॅटखालून मागे जाते. वाटेत कुठं पत्र्याला घासून तिची साल निघाली की बॅटरीत आहे नाही ती सगळी ताकद त्या एका जागी उतरते. वायर तापून लाल होते, मग मॅट पेटते, मग सीट, आणि सीटवर तुम्ही. म्हणून फ्युज लावायचा तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पुढे मागे नाही. आणि वायरची जाडी बघून लावायचा. फ्युज मशिनला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर वाचली की तुम्ही वाचलात.

हे मी एका शेठजींना समजावलं होतं. राजस्थानातून येऊन धुळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घराणं, कापडाचा मोठा व्यापार. माणूस फार सज्जन. अ‍ॅम्प्लिफायर कशाला, तर सकाळी दुकानाला जाताना स्तवन ऐकायला. माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "लहान फ्युजचा आणि मोठ्या फ्युजचा भाव काय?" मी म्हणालो, एकच. "मग मोठाच द्या ना!" त्यांनी असं काही आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं, की याला धंदा कुणी शिकवला. लहान फ्युज का चांगला हे सांगता सांगता मला घाम फुटला. शेवटी त्यांनी लहान फ्युज घेतला, पण आपण फसलो ही भावना काही त्यांच्या चेहऱ्यावरून गेली नाही.

दुसरा एक यावलचा केळीचा पिकअपवाला. त्याचा फ्युज वाटेत उडाला, तर पठ्ठ्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तिथं बसवली. गाडी दुकानासमोर आली तेव्हा बोनेटमधून धूर निघत होता आणि मागे गाणं जोरात चालू होतं. "बघा काका, चांदी टाकल्यापासून आवाज कसा मोकळा झाला," तो म्हणाला. मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. हात भाजला. तो भाजलेला हात त्याच्या नाकासमोर नाचवत मी त्याला धडा दिला, आणि धडा संपल्यावर बघितलं तर तो चहाला गेलेला.

आता अर्थिंग. गाडीत घरासारखं जमिनीतलं अर्थिंग नसतं. बॅटरीतून निघालेली वीज काम करून बॅटरीतच परत गेली पाहिजे, आणि तिची परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर जवळच्या पत्र्यावर बोल्टनं आवळतात. ती लाल वायरइतकीच जाड आणि होईल तेवढी आखूड हवी. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा अगदी चकचकीत करायचा, कारण रंगातून वीज जात नाही. ही जागा कच्ची राहिली की वीज भलत्या वाटेनं परत निघते, आवाजाच्या नाजूक वायरींतून, आणि इंजिनची कुई स्पीकरमध्ये शिरते. एक्सलेटर दाबला की कुई चढते, सोडला की उतरते. मोठमोठे कारागीर ही कुई काढता काढता रडकुंडीला येतात. मी येत नसे. "अर्थिंग करावं तर धुळ्याच्या भाऊंनी," असं लोक म्हणत. निदान मी तरी म्हणत असे.

आणि आता दगाआबा.

दगाआबा पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातले कांदा-उसाचे शेतकरी. पांढरी टोपी आणि पांढरी जीप, दोन्ही जुन्या पण लख्ख. ही तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, माझं दुकान बंद व्हायच्या थोडी आधीची. जीपमधून उतरल्या उतरल्या आबा म्हणाले, "भाऊ, असा आवाज बसाडा, आमनी गल्लीपाइन नदीलगून आयकू जावाले जोयजे."

"डीजे लावायचाय?" मी विचारलं.

"डीजे नही भाऊ." त्यांनी खिशातून रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. "आमनी घरवालीना आवाज शे यामा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या पत्नी वेणूअक्का. श्रावणातल्या एका रविवारी घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते, सोमवारी तिला नदीवर पोचवायला बायका गात-नाचत निघतात, त्या सगळ्यांच्या पुढे वेणूअक्का. अक्कानं ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी झेलायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. गेल्या कानबाईनंतर अक्कांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसता श्वास येतो, शब्द येत नाही. यंदा कानबाईबरोबर मी येणार नाही, असं त्यांनी हातानंच सांगून टाकलं होतं. मुकं तोंड घेऊन देवीपुढे कशाला चालू, असा त्यांचा भाव. पण गेल्या वर्षी सुनेनं मोबाइलवर अक्कांचं गाणं घेतलं होतं. ते मिरवणुकीत पुढे वाजलं, तर अक्का घराबाहेर पडतील, एवढीच आबांची आशा होती.

असं काम मला आयुष्यात आलं नव्हतं. लोक माझ्याकडे काचा हादरवायला यायचे. मी दुकानातला सर्वांत चांगला स्पीकर काढला, बफर मुद्दाम लहान लावला आणि दिवसभर खपलो. आणि आबा शेजारी बसून ऐकत होते. खरोखर ऐकत होते हो! चहाचा उल्लेखसुद्धा नाही. फ्युज झाला, वायरची जाडी झाली, रंग खरवडणं झालं. मी असा फुललो होतो की काही विचारू नका.

"अर्थिंग म्हंजे काय भाऊ?" आबांनी विचारलं.

इथं मी सांगायचं ते सरळ सांगितलं असतं तर हा लेखच झाला नसता. पण मला सोपं करून सांगायची हौस. मी म्हणालो, "आबा, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग आहे ना?"

"शे ना! खड्डामा मीठ-कोयसा टाकी बठ्ठं पक्कं करेल शे."

"बस. गाडीचं पण तसंच. अर्थिंग सांभाळा, म्हणजे आवाज सांभाळला."

आबांनी मान डोलावली. "बोल्ट कोनता?" मी कौतुकानं मागची मॅट उचलून सीटजवळचा बोल्ट दाखवला. त्यांनी वाकून नीट बघितला, बोटानं चाचपला. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं, असं मी रात्री जेवताना मंगलाला म्हणालो. ती म्हणाली, "बिचारा!"

दुकानात गाणं लावून बघितलं, पहिलं कडवं. आवाज इतका स्वच्छ आला की समोरचा चहावाला हातातली किटली घेऊन रस्ता ओलांडून आला. आबा डोळे पुसत गेले.

काही दिवसांनी आबांचा फोन. "भाऊ, गाडी रडी ऱ्हायनी."

"कशी रडते?"

आबांनी फोनवर कुई काढून दाखवली. इंजिन चालू केलं की येते, म्हणाले. मी म्हणालो, पेनड्राइव्ह बदला. पुन्हा फोन आला, कुई वाढली. मी म्हणालो, डेकच्या मागची वायर हलवून बघा. मग विचारलं, "अर्थिंग ठीक आहे ना?"

"त्यानी चिंताच करू नका भाऊ. मी रोज दखस," आबा अभिमानानं म्हणाले.

रोज अर्थिंग बघणारं गिऱ्हाईक! मला भरून आलं. दोष डेकचाच असणार असं मी ठरवून टाकलं, आणि सवडीनं बघू म्हणालो.

ती सवड मला कानबाईच्या रविवारी काढावी लागली. सकाळीच आबांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "भाऊ, गाडी चालू करी गाना लायं. अक्कानी आयकं आन् कानवर हात ठी घरमा चालनी गई. मी येवाव नही म्हनस."

मी हत्यारांची पेटी उचलली. मंगला दारात उभी राहून म्हणाली, "जा. आणि हे बघा, तिथं समजावू नका. दुरुस्त करा."

आबांच्या घरी पोचलो तेव्हा सगळं घर सारवून-धुवून लख्ख होतं. चौरंगावर कानबाई बसलेली, नारळाला नथ, डोळे, कुंकू. आत पुरणाचा आणि तुपाचा वास. कानबाईचे रोट, म्हणजे तिचा प्रसाद, फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला चालत नाहीत, म्हणून माझ्यासाठी वेगळं जेवण केलेलं होतं. अक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या. लहानखुरी बाई, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. मी नमस्कार केला. त्यांनी हात जोडले आणि माझ्या पेटीकडे बघितलं. त्या बघण्यात फारशी आशा नव्हती.

अंगणात निंबाखाली जीप उभी होती. मी इंजिन चालू केलं, गाणं लावलं. अक्कांचा आवाज आला, आणि त्याच्या डोक्यावर बसून कुई. एक्सलेटर दाबला तर कुई एवढी चढली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अक्का आत निघून गेल्या.

मी बाह्या सरसावल्या. आवाजाच्या वायरी बदलल्या. डेक बाहेर काढून उघडला. लाल वायर उचलून दुसऱ्या बाजूनं घेतली. फ्युज काढून पुसून पुन्हा लावला, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीला, माझ्या पुरवठादाराला आणि गाडी ज्यानं बनवली त्याला क्रमानं नावं ठेवली. भोवती भाऊबंद जमले होते. एकानं लिंबू-मिरची बांधायला सांगितली, दुसरा म्हणाला गाडीचं तोंड पूर्वेला करा. मी दोघांवर खेकसलो. मग दुपार कलल्यावर त्या दोघांचं लक्ष नाही असं बघून बायकांच्या मदतीनं जीप लोटून पूर्वेला केली. कुई तशीच.

आबा मघापासून काहीतरी विचारू की नको अशा चेहऱ्यानं उभे होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, अर्थिंग दखतस का एक डाव?"

मी मान वर करून म्हणालो, "आबा, अर्थिंग मी केलंय."

हे वाक्य मी ज्या सुरात म्हणालो तो सूर आठवला की आजही मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

दिवे लागायची वेळ झाली. मी घामानं निथळत पायरीवर बसलो होतो. घशाला कोरड पडलेली, अंगाला ग्रीस लागलेलं, मनात एकच विचार की उद्या सकाळी ही बाई घरात बसून राहणार आणि ते माझ्यामुळे. इतक्यात अक्का घरातून बाहेर आल्या. हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या. माऊली! यांना माझी तहान कळली, असं म्हणून मी दोन्ही हात पुढे केले.

अक्का माझ्यासमोरून पुढे गेल्या. त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं, वाकून मॅट उचलली आणि तांब्यातलं पाणी शांतपणे, धार न तुटू देता, सगळं आत ओतलं. मॅट पुन्हा नीट बसवली, हात जोडले आणि परत फिरल्या.

माझे हात तसेच पुढे होते.

मी धडपडत उठून मॅट उचलली. बोल्टभोवती फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती, आणि पुरचुंडीत मीठ आणि कोळसा. बोल्ट कसला, गंजाचा गोळा झाला होता. वायरीतल्या तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी चढली होती, आणि आजूबाजूचा पत्रा पापुद्रे सुटून उभा होता. विहिरीवरच्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालतात, कारण कोरड्या मातीतून वीज जात नाही. हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा माहीत असतं. आबांनी माझा धडा शब्दशः पाळला होता.

"रोज सकाय-संध्याकाय पानी टाकतस भाऊ," आबा मागून म्हणाले. "मी शेतमा ऱ्हायनू तर अक्का टाकस. एक दिन खाडा नही."

मी वळून बघितलं. आबांच्या तोंडावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराचा आनंद होता. अक्का उंबऱ्याशी उभ्या होत्या, रिकामा तांब्या छातीशी धरून. आपला गेलेला आवाज निदान गाडीत तरी राहावा म्हणून ती बाई आपल्या हातानं रोज त्याला पाणी घालत होती, आणि त्या पाण्यानंच तो आवाज सडत चालला होता. मला फार वाईट वाटलं. माझ्या जिभेचा राग आला. तोंड उघडलं असतं तर अर्थिंग, गंज, मीठ, लोखंड, सगळं धडाधड बाहेर पडलं असतं, आणि त्या दोघांना कळलं असतं की ही कुई त्यांनीच लावून वाढवली.

आयुष्यात पहिल्यांदा मी काही समजावलं नाही. म्हणालो, "आबा, हा बोल्ट जुना झालाय. दुसरीकडं घेऊ."

"मंग नवा बोल्टले पानी किती टाकानं?"

"नव्याला पाणी लागत नाही."

"कसाले?"

अख्खा धडा ओठांवर आला होता. तो मी गिळला. "नाही लागत, आबा," मी म्हणालो.

पुरचुंडी काढली, सगळं पुसून कोरडं केलं. वायरचा सडलेला भाग कापून आतलं लालसर तांबं दिसेपर्यंत मागे आलो, टोकाला नवं लग, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, दाबून बसवलं. चाकाच्या वरच्या बाजूला, जिथं कुणाचा तांब्या पोचणार नाही अशी जागा शोधली, पॉलिश पेपरनं पत्रा चांदीसारखा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. आबा पुढे वाकून बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

इंजिन चालू केलं. गाणं लावलं. एक्सलेटर दाबला. कुई नाही. नुसत्या वेणूअक्का. उंच, थोडा खरबरीत, पण अंगणभर पसरणारा आवाज. घरातल्या बायका कामं टाकून बाहेर आल्या. अक्का उंबऱ्यावर उभ्या राहून स्वतःला ऐकत होत्या.

गाणं संपलं. मी बंद करायला हात पुढे केला, तोच स्पीकरमधून पुन्हा अक्कांचाच आवाज आला. गाण्यातला नव्हे, रोजचा. गाणं झाल्यावर सुनेचा मोबाइल थोडा वेळ तसाच चालू राहिलेला होता. घरात सगळे गाणं संपलं की बंद करत, दुकानात आम्ही एकच कडवं लावलेलं, आणि नंतर तर कुईखाली सगळंच बुडालेलं. म्हणून हा तुकडा कुणीच ऐकला नव्हता.

"ओ, तठे काय उभा शेतस? कानबाईले पाठ करी उभा ऱ्हातस का कोनी! सरका तठून. आन् पानी आना माले, घसा सुकी गया."

"हां, आनस," आबा म्हणाले आणि माठाकडे निघालेसुद्धा.

दोन पावलांवर थांबले. आबांनी वळून अक्कांकडे बघितलं. अक्का हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे गदगदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझंही वाहत होतं. मी ते ग्रीसच्या हातानं पुसलं, त्यामुळे पुढे जेवायला बसलो तेव्हा पोरं माझ्याकडे बघून पळत होती.

आणि एवढं सगळं डोळ्यांनी बघूनही मी काय म्हणालो असेन? "आबा, शेवटचं ते बोलणं मी कापून देतो. मिरवणुकीत बरं नाही दिसणार." कारागीर आहे ना मी!

अक्का उंबऱ्यावरून तडक चालत आल्या आणि डेकवर ठेवलेल्या माझ्या हातावर त्यांनी फटका मारला. सगळ्या धंद्यात गिऱ्हाइकाचा मी खाल्लेला हा एकमेव मार, आणि तो अगदी योग्य जागी बसला.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. जीप मीच चालवत होतो, माणसाच्या चालीनं. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी छाती नव्हती. बायका सुरुवातीला अवघडल्यासारख्या मागे मागे होत्या, गाणं जीपमधून येतंय म्हटल्यावर आपण काय करायचं ते त्यांना कळेना. मग अक्का घरातून बाहेर आल्या. पदर खोचला, जीपच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि स्पीकरमधून ओळ सुटली तसा त्यांनी हात वर केला, नेहमी करत असतील तसा. बायकांनी ओळ झेलली. त्यानंतर फुगड्या काय, टाळ्या काय, धूळ काय, मला पुढचा रस्ता दिसेना.

गाणं संपलं की ते बोलणं यायचंच. "पानी आना माले, घसा सुकी गया," असं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं तेव्हा पहिल्यांदा मोठा हशा झाला. "हां, आनस," आबा म्हणाले. गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं, पुन्हा बोलणं आलं. "हां, आनस." नदी जवळ येईपर्यंत लोकांचं हसणं थांबलं होतं, आबांचं उत्तर देणं थांबलं नव्हतं. दर वेळी तितक्याच लगबगीनं, खरंच कुणीतरी आत्ता मागितलं असावं तसं.

नदीवर कानबाई खाली उतरवली. गाणं शेवटचं संपलं, बोलणं आलं. आबा जीपपाशी आले, माझ्या शेजारच्या सीटवर त्यांनी घरून निघतानाच भरून ठेवलेला तो पितळी तांब्या उचलला आणि अक्कांकडे गेले. घरापासून नदीपर्यंत टाळ्या वाजवून अक्का घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि आबांच्या हातात परत दिला. मग त्यांनी आबांना हातानं खूण केली. आबा कानबाईकडे पाठ करून उभे होते.

आबा सरकले.